प्लॉट लेव्हल केला आणि चिखल शेजारच्या भातात, आता काय करू?

डोंगरउतार: रत्नागिरीजवळ गावाला १० गुंठे जागा आहे, चांगलीच उताराची. घर बांधायचं म्हणून मे मध्ये जेसीबी लावला, वरच्या अंगाचं कापून खालच्या अंगाला भराव टाकला, मस्त सपाट झालं, फोटो पण काढले. परवाच्या पावसात भरावाचा एक कोपरा बसला आणि सगळा लाल चिखल खालच्या काकांच्या खाचरात, लावणीसाठीचा तरवा (भाताची रोपं) पार गाडला गेला. काका भांडले नाहीत, छत्री घेऊन नुसते बांधावर उभे राहून बघत होते, त्याचंच जास्त वाईट वाटलं. जेसीबीवाला म्हणतोय चारी बाजूंनी वॉल घाला. घालू का?

लेव्हलपट्टी: एवढ्यात नको. ताज्या भरावावर पाया घेतला तर भिंत पण काकांच्या शेतात जाईल. आधी हिशोब बघा, १ मिमी पाऊस म्हणजे चौरस मीटरला १ लिटर, १० गुंठे म्हणजे साधारण १,०१२ चौरस मीटर, तासाला ५० मिमी पडला (तुमच्याकडे पडतोच) तर ५० हजार लिटर, दहा हजारी पाच टँकर. पूर्वी हे पाणी गवतातून पसरून थोडं जिरत जायचं, आता ओटा झाला म्हणून सगळं एका कोपऱ्यातून उतरतंय, शिवाय वरच्या डोंगराचं वेगळंच. ते वरचं पाणी आधी वळवा. कापलेल्या दरडीच्या वर चर मारा, १०० फुटाला फूटभर ढाळ पुरे, आणि बाजूने दगडी पायऱ्या करून पऱ्याला (ओढ्याला) सोडा. भिंत नंतर, मूळ जमिनीत पाया घेऊन, आणि वीप होल (पाणी निघायला भिंतीत ठेवलेली भोकं) आणि मागे खडी असल्याशिवाय नाही, पाणी मागे तुंबलं की भिंत पोट काढते.

भातवाला: हे सगळं दिवाळीनंतर हो, आत्ता चिखलात जेसीबी घातलात तर आणखी वाटोळं. आत्ता भरावावर ताडपत्री टाका, पायथ्याला गोणी भरून लावा, आणि वाळा गवत लावा अर्ध्या वीतेच्या अंतरावर आडव्या रांगेत, हेच दिवस आहेत, मुळं खोल जातात. आणि आधी काकांना कुठून तरी तरवा मिळवून द्या, लावणी निघून गेली तर वर्ष गेलं त्यांचं.

सातबारा_वाचक: वरच्या बाजूला सलग वॉल घालायचा विचारच सोडा. वरच्या जमिनीचं नैसर्गिक वाहणारं पाणी खालच्याने घ्यायचं हे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात आहे. पण तुम्ही गोळा करून एका जागी सोडलेलं पाणी त्यात बसत नाही, तिथे काकांची बाजू भक्कम. आणि तुम्ही अडवलंत आणि वरच्यांच्या शेती-बागेचं त्यात नुकसान व्हायला लागलं तर ते १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली ६ महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे जाऊ शकतात, मग तुमची नवीकोरी भिंत फोडायचा हुकूम.

डोंगरउतार: बाप रे. गोणी आणि ताडपत्री आजच लावली, तरवा पलीकडच्या वाडीत मिळतोय, उद्या आणतो. एकच शंका, पऱ्यावर रस्त्याची मोरी आहे त्यात ९ इंची पाईप आहे, पुरेल?

लेव्हलपट्टी: तुमच्या १० गुंठ्यांना पुरेल, डोंगराच्या पाण्याला नाही. त्यात आंब्याचा पाला अडकला की रस्त्यावरूनच जाणार. चर मारायच्या आधी भर पावसात एकदा तिथे जाऊन बघा किती भरून वाहतेय.