बाबांना पार्किन्सन्स आहे, दम लागेपर्यंत सायकल चालवू द्यावी का?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. बाबांना (वय ६८) दोन वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं निदान झालं. उजव्या हाताला कंप आहे, चाल मंदावलीये, आणि सही इतकी बारीक होत चाललीये की परवा चेक परत आला, सही जुळत नाही म्हणून. सिंडोपा (पार्किन्सन्सवरची गोळी) चालू आहे, दिवसातून तीनदा. आता फिजिओ म्हणतायत की घरी एक्सरसाइज सायकल घ्या आणि चांगला दम लागेपर्यंत चालवू द्या. आईचं म्हणणं, या वयात त्यांना दमवायचं कशाला, सकाळी सोसायटीत चार फेऱ्या मारतात तेवढं बास. त्यात काकांनी फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड टाकलाय की व्यायामाने मेंदूत नव्या पेशी तयार होतात आणि सहा महिन्यांत गोळ्या सुटतात, तेव्हापासून बाबा रोज विचारतात गोळ्या कधी बंद करायच्या. यातलं खरं किती? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

पेशीपुराण:
आधी काकांच्या फॉरवर्डचं मूळ सांगतो. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये हेन्रिएट व्हान प्राग, फ्रेड गेज वगैरे मंडळींनी उंदरांच्या पिंजऱ्यात पळायचं चाक ठेवलं, आणि जे उंदीर पळत होते त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी जास्त सापडल्या. हे काम अस्सल आहे. पण हिप्पोकॅम्पस म्हणजे आठवणींचा कारभार बघणारा भाग, आणि पार्किन्सन्समध्ये मरतात त्या पेशी वेगळ्याच, सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाच्या काळसर पट्ट्यातल्या, डोपामिन (हालचालींसाठी लागणारं मेंदूतलं रसायन) बनवणाऱ्या. लक्षणं दिसायला लागतात तोवर त्यातल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात, आणि व्यायामाने त्या जागी नव्या उगवल्या असं माणसात कोणी दाखवलेलं नाही. तेव्हा गोळ्या सुटतील हे बाबांच्या डोक्यातून काढा, आणि त्यांनी मनानेच एक दिवस बंद करून बघू नये याकडे लक्ष ठेवा, सिंडोपा अचानक थांबवणं धोक्याचं असतं.

आता फिजिओचं म्हणणं. ते बरोबर आहे, आणि त्याला चांगला आधार आहे. अमेरिकेत स्पार्क्स नावाची चाचणी झाली, २०१८ मध्ये छापून आली. १२८ जण, सगळे नव्याने निदान झालेले आणि अजून औषध सुरू न केलेले. एका गटाला आठवड्यातून चार दिवस ट्रेडमिल, हृदयाचे ठोके कमाल क्षमतेच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत नेऊन, दुसऱ्या गटाला तेच पण ६० ते ६५ टक्क्यांवर, तिसऱ्याला नेहमीचं जगणं. सहा महिन्यांनी हालचालींचा स्कोअर (यात वाढला म्हणजे बिघडला) तिसऱ्या गटात सरासरी ३.२ ने वाढला, जोरात चालणाऱ्यांमध्ये फक्त ०.३ ने, मधल्यांचा २ ने. म्हणजे आईंच्या चार फेऱ्या वाईट नाहीत, पण त्या साधारण मधल्या गटात जातील, तेही बाबा भरभर चालत असतील तर. गप्पा मारत मारलेल्या फेऱ्या त्यातही नाहीत.

तुमच्या केसच्या जास्त जवळची म्हणजे नेदरलँड्समधली पार्क-इन-शेप, २०१९ ची. १३० पेशंट, घरीच सायकल, आठवड्यातून किमान तीनदा ३० ते ४५ मिनिटं, समोर स्क्रीनवर गेम वगैरे म्हणजे कंटाळा येऊ नये. दुसऱ्या गटाला फक्त स्ट्रेचिंग. सहा महिन्यांनी औषधाचा असर उतरलेला असताना तपासलं तर स्ट्रेचिंगवाल्यांचा स्कोअर ५.६ ने बिघडला होता, सायकलवाल्यांचा १.३ ने. नंतर त्यातल्याच काहींचे एमआरआय बघितले तेव्हा सायकलवाल्यांच्या मेंदूतल्या हालचालीशी संबंधित भागांच्या आपसातल्या जोडण्यांमध्येही फरक दिसला. मला हे सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं, कारण मग नव्या पेशी आल्याच पाहिजेत असं नाही, उरलेल्या मेंदूने काम वाटून घेतलं तरी माणूस बरा चालतो.

फक्त हे सगळे निकाल सहा महिन्यांचे आहेत आणि आजार पंधरा-वीस वर्षांचा. मुळातला आजार मंदावला असं यावरून म्हणता येत नाही, लक्षणं कमी बिघडली एवढंच म्हणता येतं. माझ्या मते सायकल घ्यायला एवढं पुष्कळ आहे.

माहेर_देवरुख:
मी शास्त्रज्ञ नाही, सासऱ्यांचं सात-आठ वर्षं करतेय. वर लिहिलंय ते ठीकच, पण घरात वेळ कुठली निवडता यावर सगळं आहे. गोळी घेऊन पाऊण तास झाला, अंग मोकळं झालं की सायकल. गोळीचा असर उतरत आलेला असताना बसवलंत तर पाय उचलत नाही, चिडचिड होते आणि मग दुसऱ्या दिवशी नकोच म्हणतात. आणि गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी, पनीर अंडी डाळ यांच्यासोबत तर नकोच, प्रोटीनमुळे औषध नीट शोषलं जात नाही. आमच्याकडे आधी वरणभातावर गोळी चालायची, मग दुपारभर ताठ बसून राहायचे आणि आम्हाला वाटायचं आजार वाढला!

अजून एक. पुढे कधीतरी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, विशेषतः दारात आणि वळताना. आमचे बाथरूमच्या उंबऱ्याशी पाच पाच मिनिटं अडकायचे आणि तोच माणूस जिना मात्र धडाधड चढायचा, आधी आम्हाला नाटकच वाटायचं. फिजिओने फरशीवर लाल चिकटपट्टीचे आडवे पट्टे मारायला सांगितले, एकेक पट्टा ओलांडायचा, तोंडाने एक-दोन एक-दोन म्हणत. चालतात. पाहुण्यांना वाटतं घरात लंगडी खेळतो की काय.

पेशीपुराण:
@माहेर_देवरुख, ते अजिबात नाटक नाही. आपोआप होणाऱ्या चालीचं सर्किट अडतं, पण डोळ्यासमोर खूण असली किंवा ताल मिळाला की मेंदू दुसऱ्या वाटेने काम काढतो, पायरी ही तयार खूणच आहे. याच डच लोकांनी २०१० मध्ये एका ५८ वर्षांच्या माणसाची केस छापली होती, दहा वर्षांचा पार्किन्सन्स, दोन पावलं चालला की अडकून पडायचा, आणि सायकलवर बसवला की मस्त फेरी मारून यायचा.

सह्याद्रीचा_वारा:
एवढं कशाला, खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण द्या दुधातून. आयुर्वेदात कंपवातावर शेकडो वर्षं वापरतात, साइड इफेक्ट शून्य. आमच्या शेजारच्या काकांना गुण आला.

रात्रपाळी:
गुण येणारच, त्या बियांत लेव्होडोपाच असतो (मेंदूत त्याचं डोपामिन होतं), म्हणजे सिंडोपातलंच औषध. म्हणूनच सिंडोपा चालू असताना डॉक्टरला न सांगता वरून चूर्ण देऊ नका, डोस किती होतोय ते कळणार नाही, आणि मग अंग आपोआप वळवळणं, मळमळ, बीपी उतरणं सुरू होतं. साइड इफेक्ट शून्य कसले.

(मी फिजिओ आहे, सध्या इंग्लंडमध्ये.) धागा वाचून कोणी डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) पेशंटला सायकलवर बसवायला जाईल म्हणून लिहितो. इथे डापा नावाची चाचणी झाली, २०१८, ४९४ लोक, सौम्य ते मध्यम डिमेन्शिया. चार महिने दमदार व्यायाम करून घेतला. फिटनेस सुधारला, पण वर्षाअखेरीस स्मरण-आकलनाचा स्कोअर व्यायामवाल्यांचा किंचित वाईटच होता. तेव्हा 'व्यायाम मेंदूला चांगला' हे एकच वाक्य सगळ्या आजारांना लावू नका. पार्किन्सन्समध्ये मी स्वतः पेशंटना दमवतो, बिनधास्त.

गोदाकाठ:
सगळ्यांचे आभार, आईला वाचून दाखवलं, पट्ट्यांच्या भागाला हसली. एकच शंका, बाबांना बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू आहे. २२० वजा वय केलं तर कमाल ठोके १५२, त्याचे ८० टक्के साधारण १२२. पण बाबांचे ठोके सायकल जोरात मारली तरी १०० च्या पुढे जात नाहीत. अजून जोर लावायला सांगू का?

रात्रपाळी:
नको नको! मेटोप्रोलॉल ठोके दाबूनच ठेवतं, शिवाय पार्किन्सन्समध्येही काहींचे ठोके नीट चढत नाहीत. घड्याळ काढून ठेवा. वाक्य अर्धं बोलून मध्ये श्वास घ्यावा लागतोय इतका दम लागला की पुरे, गाणं म्हणता येत असेल तर कमी पडतंय. सुरू करण्याआधी एकदा हृदयाच्या डॉक्टरला विचारून घ्या, स्ट्रेस टेस्ट करायची का ते ते ठरवतील. आणि उतरताना लगेच उभं राहू देऊ नका, बीपी पटकन खाली जातं, दोन मिनिटं हळू पेडल मारू देत मग तुम्ही शेजारी उभं राहून उतरवा. मागे टेकायला पाठ असलेली सायकल मिळाली तर तीच घ्या, तोल जात असेल तर फार उपयोगी पडते.

माहेर_देवरुख:
आणि नवी घेऊ नका, सेकंडहँड बघा. लोकांनी जानेवारीत घेतलेल्या मार्चपर्यंत कपडे वाळत घालायला लागलेल्या असतात, निम्म्यात मिळते.