मदत हवी आहे: पोकरमध्ये हिशेब धरायचा की समोरच्याची घाई?

मंडळी, आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या टोळक्याचा रात्री ऑनलाइन पोकरचा डाव असतो. फुकटच्या चिप्सवर, २०२५च्या कायद्यानंतर पैशांचा खेळ तसाही बंदच.

माझ्या हातात बदामाचा एक्का आणि नव्वी. टर्नपर्यंत, म्हणजे टेबलावरच्या चौथ्या सामाईक पानापर्यंत, तिथे आणखी दोन बदाम; शेवटच्या पानाला पाचवा बदाम आला की माझा फ्लश (पाचही पानं बदामाची). पॉट (मधे जमलेल्या चिप्स) ३००, समोरच्याने १५० लावले. म्हणजे १५० घालून ६००चा पॉट, निदान २५ टक्के संधी हवी. न दिसलेल्या ४६ पानांत बदाम ९, जेमतेम २० टक्के. हिशेबाने पानं टाकून डाव सोडायचा.

पण एरवी रेंगाळणारा हा गडी इथे पापणी लवायच्या आत बेट लावून मोकळा! आमचे एक काका म्हणतात, झटपट बेट म्हणजे पोकळ, हातात काही नाही. (काकांचं सगळंच ठाम असतं.) पोकळ असेल तर माझा नुसता एक्काही पुरेल, पण मग बदाम लागल्यावर तो पुढे चिप्स कशाला घालेल? शिवाय त्याचं नेट अडकत असेल, तर वेळेला अर्थ काय?

तुम्ही वेळेवरून टक्केवारी किती वरखाली करता? की अगदी काठावरचा निर्णय असेल तेव्हाच वेळ बघता? आणि प्रत्येक खेळाडूची सवय टिपून ठेवता का, कशी?