डिस्पोजलच्या डगल्यातल्या सुया (लढाईनंतर अचानक हाती लागलेलं काही)

काल आईचा शिवणाचा डबा आवरताना तळाशी खाकी कापडाची गुंडाळी सापडली आणि आजीच समोर येऊन बसल्यासारखं झालं.

१९४६ सालची गोष्ट. आजोबा गिरणीत, बिऱ्हाड लालबागला. धान्य रेशनचं, कापड कंट्रोलचं. महायुद्ध संपून लष्कराचा उरलेला माल डिस्पोजलमध्ये, म्हणजे विक्रीला निघाला, तेव्हा आजोबांनी चोरबाजारातून जुना डगला आणला. काकाला कोट बेतायचा म्हणून आजी तो उसवायला बसली, तर आतल्या खिशात ही गुंडाळी. पाच सुया, रफूचा दोरा, चार बटणं. शिपाई आपले कपडे आपणच सांधायचे, त्याची ती पिशवी. सुया तेव्हा विलायतेहून यायच्या, लढाईत मिळेनाशा झालेल्या. आमच्या अख्ख्या मजल्यावर दोनच होत्या, त्यातली एक नाकं मोडलेली! आजीने चार सुया शेजारणींना वाटल्या, एक ठेवली. खोबरेलाचं बोट फिरवून ठेवायची. अजून गंज नाही तिला.

तुमच्या घरी सांगतात का असं काही? लिहा ना.

सातारची_लेक
भाकऱ्या टाकता टाकता लिहितेय. आमचे पणजोबा मराठा पलटणीत, इटलीच्या आघाडीवर. बेपत्ता असल्याची तार आलेली. पणजीने कुंकू पुसलं नव्हतं, भावकी बोलायची. एक दिवस दारात उभेच. पणजीने आधी त्यांचे पाय बघितले, दोन्ही आहेत ना म्हणून. आमचं घबाड ते.

मीनल
@सातारची_लेक काटा आला गं.

जुना गिरगावकर
मी सहा वर्षांचा होतो. ट्रामच्या रुळाशेजारी भोकाचा पैसा सापडला. तांब्याच्या टंचाईमुळे १९४३ पासून मधे भोक पाडलेलाच पैसा निघायचा. रुपयाचे ६४. करदोट्यात ओवला, रात्रभर पोटाला रुतत होता तरी सोडला नाही. काका नळाला वायसर म्हणून मागत होते. रडलो, पण दिला नाही.

आरती_कल्याण
आमच्याकडे पॅराशूटचं कापड! तेही डिस्पोजलचंच. तिरक्या पट्ट्या जोडलेल्या असतात ना, त्यामुळे आत्याच्या परकरावर शिवणी भलतीकडूनच जायच्या. सुळसुळीत इतकं की पाटावर बसली की घसरायची :D कल्याण कॅम्पातल्या रिकाम्या बराकींत पुढे सिंधी निर्वासित आले, त्याचंच उल्हासनगर झालं. आत्याची पहिली मैत्रीण तिथलीच. तिच्या आईच्या हातची साई भाजी... असो, विषय भरकटला.

मीनल
भरकटू दे, कृती टाक.

शिरीष
थोडं आधीचं, लढाईतलंच. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया गोदीतला स्फोट. ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर दारूगोळा, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा. एक वीट एका पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून आत पडली, त्यांनी ती परत केली. आजोबा मांडवीत राहायचे. त्यांच्या गच्चीत जळका कापूस पडला. धुऊन पिंजून त्याची उशी केली. बाबा त्याच उशीवर वाढले.

नंदू
गाळ उपसताना सत्तरच्या दशकातही विटा निघाल्या म्हणे ना?

शिरीष
हो, निघाल्या.

विद्याताई
पणजोबांना पोथीच्या बासनात शंभराची नोट सापडली, १९४६ च्या जानेवारीत. सगळे घाबरले, नोटा रद्द झाल्यात म्हणून.

जुना गिरगावकर
विद्याताई, पाचशे आणि त्यावरच्या रद्द झाल्या होत्या. शंभराची चालत होती.

विद्याताई
तेच तर! पोस्टमास्तरांनी सांगितल्यावर जीव भांड्यात. आत्तेआजीचं लग्न त्यात झालं. कुकर झाला, पळते.

मीनल
खोबरेलाने सुई खरंच गंजत नाही? माझ्या तर वर्षात काळ्या पडतात.

आरती_कल्याण
मशीनचं तेल लाव. आणि लालबागला नेमकं कुठे? माझं माहेर गणेश गल्ली.

धागाकर्ती
अगं, मागचीच चाळ आमची! दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली. तुझ्या आजीला विचार बरं, तिच्याकडे एक सुई आली होती का.