युद्धाचं कर्ज : फेडायचं की महागाईत विरू द्यायचं?

राजारामपुरी, निवृत्त बँकवाला :
युक्रेन सरकारला कर्ज दिलेल्या रोखेधारकांनी २०२४ मध्ये आपल्या येण्यातला एक तृतीयांशाहून जास्त हिस्सा सोडला. तेव्हापासून एकच ऐकतोय, की युद्धाचं कर्ज कुणी फेडतच नसतं. साफ चूक. ब्रिटननं १९४६ ला अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलर २ टक्क्यांनी घेतले. हप्ते १९५१ ला सुरू झाले, मधले काही लांबले, पण शेवटचा डिसेंबर २००६ मध्ये चुकता झाला. सरकारनं शब्द पाळलाच पाहिजे.

उद्यमनगर, फौंड्रीवाला :
काका, ते डॉलरचं कर्ज. डॉलर लंडनला छापता येत नव्हते म्हणून फेडलं. घरचं कर्ज बघा. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटनचं सरकारी कर्ज देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या जवळजवळ अडीचपट होतं, सत्तरच्या दशकाच्या मध्यात ते उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास आलं. व्याजदर दाबले, पैसा बाहेर न्यायला बंधनं घातली, कारखाने चालले, किमतीही वाढल्या. पहिल्या महायुद्धानंतर तुमचाच रस्ता धरला होता त्यांनी. खर्च कापला, १९२५ ला पौंड सोन्याच्या जुन्या भावाला बांधला. बेकारी दहा लाखांवर राहिली आणि उत्पन्नाच्या मानानं कर्ज उलट वाढलं. कामगाराला घरी बसवून फेड होत नसते.

राजारामपुरी, निवृत्त बँकवाला :
"व्याजदर दाबले" म्हणजे ठेवीदाराला दाबलं. ह्यू डाल्टन अर्थमंत्री असताना अडीच टक्क्यांचे रोखे निघाले. विश्वासानं धरून बसलेल्याचं मुद्दल महागाईनं खाल्लं. आणि जर्मनी? नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क. सरकारचं देशातलं युद्धकर्ज पुसलं गेलं, त्याबरोबर लोकांची आयुष्यभराची बचतही.

शिरोळ, ऊस उत्पादक :
दोन्हीच्या मधला रस्ता आहे की. २०१९ च्या पुरात ऊस कुजला, तेव्हा कर्जाचं पुनर्गठन नसतं तर पुढच्या उसाची लागण झाली नसती. १९५३ च्या लंडन करारात पश्चिम जर्मनीचं जुनं कर्ज साधारण निम्म्यानं कमी केलं, मुदत लांबवली, आणि निर्यातीच्या कमाईतून हप्ते जातील असं बघितलं. म्हणजे वसुली हवी तर घेणेकऱ्यानं जर्मन माल घ्यायचा. त्यातले जुन्या थकलेल्या व्याजाचे काही रोखे दोन्ही जर्मनी एक झाल्यावर सुरू होऊन ऑक्टोबर २०१० मध्ये संपले. घेणेकऱ्यालाही यात काही मिळालंच.

शिवाजी विद्यापीठ, इतिहासाची विद्यार्थिनी :
दादा, जर्मनीला मिळालेली ही सवलत भारताच्या वाट्याला आली नाही. आपण घेणेकरी होतो, हेच या चर्चेत कुणी बोललं नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन भारतातून माल आणि सेवा घ्यायचं, पैसे लंडनमध्ये पौंडाच्या खात्यावर जमा व्हायचे, आणि त्या पौंडांच्या तारणावर इथं नोटा छापल्या जायच्या. चलनातल्या नोटा पाचपटीहून वाढल्या. आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्यात पोलिश निर्वासितांची छावणी होती त्याच वर्षांत धान्य, कापड भडकलं, आणि १९४३ मध्ये बंगालात लाखो माणसं उपाशी मेली. युद्धाअखेर साठलं सुमारे १३० कोटी पौंड. हे कर्ज इथल्या उपाशी माणसानं दिलेलं होतं, कुणी त्याला विचारलं नव्हतं. काका शब्द पाळण्याचं बोलतात, पण लंडननं ही रक्कम गोठवली आणि टप्प्याटप्प्यानं सोडली.

उद्यमनगर, फौंड्रीवाला :
ताई, वेदना कळते. पण एकदम द्यायला तिजोरीत होतं काय? जुलै १९४७ मध्ये पौंड डॉलरमध्ये बदलायची मुभा दिली, डॉलर इतके आटले की पाच आठवड्यांत ती थांबवावी लागली. भारतानं सगळं एका वेळी मागितलं असतं तर बुडीत खात्यातच गेलं असतं.

शिवाजी विद्यापीठ, इतिहासाची विद्यार्थिनी :
मुदत द्यायला माझी ना नाही. पण मुदत देताना मोल राखायची हमी हवी होती. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर आला. रुपयाही सोबत उतरला, पण लंडनमधल्या उरलेल्या शिलकीतून अमेरिकेचा गहू किंवा यंत्रं घ्यायची तर जवळजवळ एक तृतीयांश कमी आली. बंगालनंतर सहा वर्षांनी ती घटही आपणच सोसली.