कुंड्यांत सध्या काय चाललंय? उन्हाळ्याच्या तोंडाशी पाहिलेलं लिहा

पाडवा झाला, ऊन चढायला लागलं. खतांचे सल्ले इथे नकोत, ते पैशाला पासरी मिळतात. आपापल्या बाल्कनीत डोळ्यांना काय दिसतंय तेवढंच लिहा. सुरुवात माझ्यापासून.

घोडबंदर रोड, दक्षिणेची बाल्कनी: डिसेंबरात ऊन पार सोफ्यापर्यंत यायचं, आता कठड्यावरच अडतं. आतल्या रांगेतला मोगरा नुसता पाला काढत होता. कठड्याच्या जाळीत नेऊन ठेवला, तर शेंड्याशेंड्याला कळ्या. १६ मेच्या आसपास सूर्य आपल्या बरोब्बर डोक्यावर येईल आणि मग जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत भर दुपारीही उत्तरेकडेच राहील. म्हणजे आमचं थेट ऊन बंदच.

नेरुळ: मग उत्तरवाल्यांची चंगळ! २१ मार्चनंतर आमच्या खिडकीत सकाळचं तिरपं ऊन यायला लागलंय. जास्वंद खूश आहे, नेचा मात्र कडेने करपतोय.

कळवा, तळमजला: लिंबाच्या पानावर पक्ष्याची शीट पडलीय असं वाटलं. काळी-पांढरी, ओलसर. दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या पानावर! फुलपाखराची अळी निघाली. कात टाकत टाकत आता हिरवीगार झालीय. काडीने जरा डिवचलं की डोक्यामागून दोन लाल शिंगं बाहेर काढते आणि असा काही उग्र वास सोडते की बस्स. आई म्हणते, चिमट्याने उचलून टाक. मी म्हणते, लिंबं बाजारात मिळतात.

खारघर: दुपारी जास्वंद मान टाकते. बोट खुपसून पाहावं तर माती ओली. संध्याकाळी आपसूक ताठ.

ऐरोली: कपडे वाळत घालायच्या तारेवर शिंजीरने घरटं बांधायला घेतलंय. कोळ्याची जाळी, सुकलेली पानं, सालींचे तुकडे, सगळं मादीच आणते. नर समोरच्या वायरवर बसून किंचाळतो, बस. (आमच्याकडे या दृश्यावर टोमणे सुरू आहेत.) कपडे सध्या खुर्च्यांवर.

वाशी: फुटबॉल लिलीची कुंडी हिवाळाभर रिकामी होती. सासूबाई तिच्यात कोथिंबीर पेरायला निघाल्या आणि मातीतून जाडसर कोंब वर आलेला दिसला. कोथिंबीर दुसरीकडे गेली.

घोडबंदर रोड: कळवा, लिंबाला पानं किती उरली?

कळवा: चार-पाच. अळ्या मात्र गुबगुबीत.