कागद सापडले कोणाच्या घरात, यावरून बातमी ठरते का?

एडिसनकर:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी न्यू जर्सीत असतो, इथलं नागरिकत्व घेतल्यावर मागच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत दिलं. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मेहुणा टेक्सासहून आला होता. त्याच्याकडे दिवसभर रिपब्लिकनांकडे झुकणारं फॉक्स आणि आमच्याकडे बायकोचं डेमोक्रॅटांकडे झुकणारं एमएसएनबीसी (आता त्याचं नाव बदलून एमएस नाऊ केलंय म्हणे, आमच्या रिमोटवर जुन्याच जागी आहे), त्यामुळे काय होणार हे मला आधीच माहीत होतं, तरी मी गाढवासारखा जेवताना ट्रम्पच्या माजी सुरक्षा सल्लागाराचा, जॉन बोल्टनचा विषय काढला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच्यावर गुप्त माहिती घरी ठेवल्याचे आणि बाहेर पाठवल्याचे १८ आरोप लागले ना, ते. मेहुणा म्हणाला बघ, एवढा शहाणपणा शिकवत होता. बायको म्हणाली मग तुझ्या ट्रम्पसाहेबांच्या बाथरूममध्ये काय होतं? तो म्हणाला बायडनच्या गॅरेजमध्ये काय होतं? मग हिलरी, मग ट्रम्पचा आधीचा उपाध्यक्ष पेन्स, पुरणपोळीवरचं तूप थिजलं तरी कोणी थांबेना. मला खरंच कळत नाही की ही सगळी प्रकरणं एकच आहेत का वेगळी, आणि दुसरं म्हणजे हे चॅनलवाले एकाच गोष्टीला स्वतःच्या माणसाचं असेल तर "चूक" आणि समोरच्याचं असेल तर "देशद्रोह" म्हणतात, यांना विचारणारं कोणी आहे का नाही? जाणकारांनी सांगा, मारामारी नको.

काडीपेटी:
मारामारी नको म्हणतोस आणि धागा असा काढतोस 😄 मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

निवृत्त_फाईलवाला:
एडिसनकर, अमेरिकेचं मला टीव्हीवर दिसतं तेवढंच माहीत, पण गुप्त कागद म्हणजे काय ते ३१ वर्षं हाताने केलंय म्हणून सांगतो. संरक्षण खात्याच्या एका ऑफिसात होतो, कुठलं ते विचारू नका. सीक्रेट कागद आला की त्यावर कॉपी नंबर असायचा, पाचपैकी तिसरी असं, आणि प्रत्येक पानाला नंबर. पाठवायचा तर दोन पाकिटं, आतल्यावर शिक्का आणि लाख, बाहेरचं साधं, त्यावर सीक्रेट लिहायचं नाही. आत पावतीची चिठ्ठी, ती सही होऊन परत आली नाही तर आपण मेलो. लाख वितळवताना बोट भाजायचं ते वेगळंच. एकदा एका फाईलचं एक पान मिळेना, आम्ही तिघं तीन दिवस रात्री नऊपर्यंत कपाटं उपसत होतो, शेवटी पान कपाटाच्या मागच्या फटीत सापडलं. पान सापडलं तरी आमच्या क्लार्कला मेमो मिळालाच, इन्क्रिमेंट गेलं. त्याच वर्षी एक मोठे साहेब अख्खी फाईल घरी घेऊन गेले होते, दोन महिन्यांनी ड्रायव्हरच्या हातून पिशवीत परत आली, त्यावर एक शब्द नाही. त्यामुळे त्या बाथरूमचा फोटो बघितला, वर झुंबर आणि खाली खोक्यांची थप्पी, तेव्हा मला ट्रम्प आठवला नाही, तो क्लार्क आठवला.

आणि आपल्याकडे काही कमी झालेलं नाही हो. १९८५ च्या जानेवारीत पंतप्रधान कार्यालयातून कागद फुटल्याचं उघड झालं, स्वतःच्या ऑफिसातली माणसं सापडली म्हणून पंतप्रधानांचे प्रधान सचिव अलेक्झांडर साहेबांनी राजीनामा दिला, तेच पुढे आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. आता असा राजीनामा कोण देतो सांगा.

सातारचा_ट्रम्पभक्त:
नावावरून काय ते समजा, लपवत नाही. माझा मुद्दा साधा आहे. बायडन उपाध्यक्ष होते २०१७ पर्यंत, कागद मिळाले २०२२ च्या २ नोव्हेंबरला, पेन बायडन सेंटर या त्यांच्या नंतरच्या ऑफिसात, आणि बातमी कधी आली तर ९ जानेवारी २०२३ ला. मधे ८ नोव्हेंबरला मिडटर्म निवडणूक होऊन गेली! मतदारांना दोन महिने पत्ताच नाही. आणि त्याच्या आधी सप्टेंबरमध्ये हेच बायडन सिक्स्टी मिनिट्स या टीव्ही कार्यक्रमात बसून ट्रम्पबद्दल विचारत होते की माणूस इतका बेजबाबदार कसा असू शकतो. मग स्वतःच्या विल्मिंग्टनच्या गॅरेजमध्ये कॉर्व्हेट गाडीच्या शेजारी खोकं निघालं तर म्हणे गॅरेजला कुलूप होतं. अरे वा. याच्या तपासाला नेमलेल्या स्पेशल कौन्सेल (खास सरकारी वकील) रॉबर्ट हरच्या रिपोर्टमध्ये स्वच्छ लिहिलंय की आत्मचरित्र लिहून देणाऱ्या माणसाला ते म्हणाले होते की खाली गुप्त कागद सापडले, आणि त्याला वहीतून वाचूनही दाखवलं. तरी खटला नाही, कारण काय तर ज्युरीला ते भले, वयस्कर, स्मरणशक्ती कमी झालेले गृहस्थ वाटतील. ट्रम्पच्या घरी मात्र एफबीआय. हिलरीबाईंचं तर बोलूच नका, परराष्ट्रमंत्री असताना सरकारी मेल स्वतःच्या खाजगी सर्व्हरवर ठेवले आणि ३० हजारच्या वर मेल पर्सनल म्हणून उडवले.

पोटोमॅककाठची:
मी वॉशिंग्टनजवळ राहते, वकिली करते (ही केस माझ्या प्रांतातली नाही, पण आरोपपत्र आणि हरचा रिपोर्ट दोन्ही वाचलेत, दोन रविवार गेले). सातारकर, तुमचे बायडनबद्दलचे बहुतेक मुद्दे बरोबर आहेत आणि आमच्या बाजूचे लोक ते मान्य करत नाहीत हेही खरं. पण एक गोष्ट तुम्ही गाळली. इथे कायद्यात नुसता कागद सापडणं पुरत नाही, जाणूनबुजून ठेवला आणि ज्याला द्यायला हवा त्याला दिला नाही हे दाखवावं लागतं. आता तारखा बघा. नॅशनल अर्काइव्हज, म्हणजे सरकारी कागद जपणारं खातं, २०२१ च्या मे पासून ट्रम्पकडे कागद मागत होतं. २०२२ च्या जानेवारीत १५ खोकी परत आली, त्यात जवळजवळ दोनशे गुप्त कागद. मग मे मध्ये ग्रँड ज्युरीचं समन्स. ३ जूनला वकिलांनी एका पाकिटात ३८ कागद दिले आणि नीट शोधलंय, एवढेच आहेत अशी सही केलेली चिठ्ठी दिली. ८ ऑगस्टला झडती झाली तर अजून शंभरावर निघाले. मधल्या काळात समन्सनंतर खोकी स्टोअररूममधून हलवली असा आरोप होता, जून २०२३ च्या आरोपपत्रातला अर्धा जीव त्या हलवाहलवीत आहे. ट्रम्पनी सगळे आरोप नाकारले हेही सांगते. बायडनच्या वकिलांनी सापडले त्याच दिवशी अर्काइव्हजला कळवलं, घराची झडती स्वतःहून घेऊ दिली, जवळजवळ तेरा तास चालली. माइक पेन्सनेही तसंच केलं, इंडियानातल्या घरात डझनभर कागद निघाले, स्वतःच कळवलं, प्रकरण मिटलं, आणि तो तर रिपब्लिकन. म्हणजे घरमालकाने भाडेकरूला चावी मागितली तर एकजण म्हणतो अरे सॉरी राहिली होती, ही घ्या, आणि दुसरा म्हणतो कुठली चावी.

आणि खटल्याचं म्हणाल तर तो पुराव्यावर कधी चाललाच नाही. जज आयलीन कॅननने १५ जुलै २०२४ ला स्पेशल कौन्सेल जॅक स्मिथची नेमणूकच बेकायदा ठरवून केस काढून टाकली, त्यावर अपील झालं, नोव्हेंबरमध्ये ट्रम्प निवडून आले आणि सरकारने त्यांच्यापुरतं ते मागे घेतलं. त्यामुळे "निर्दोष सुटले" हेही चूक आणि "गुन्हा सिद्ध झाला" हेही चूक, पण टीव्हीवर मला ही दोनच वाक्यं ऐकू येतात.

आता माझ्या घरचं धुणं. हरचा रिपोर्ट आला ८ फेब्रुवारी २०२४ ला. आमच्या बाजूच्या चॅनलवर त्या रात्रीपासून हर कसा रिपब्लिकन, स्मरणशक्तीवर बोलायचा त्याला काय अधिकार, कमला हॅरिसनीही त्याला राजकीय म्हटलं. मीसुद्धा म्हटलं, खोटं कशाला बोलू. त्याच रात्री बायडन चिडून पत्रकारांपुढे आले आणि इजिप्तच्या सीसींना मेक्सिकोचे अध्यक्ष म्हणाले. २७ जूनला ट्रम्पशी डिबेट झाली, त्यात बायडन अडखळले, २१ जुलैला माणूस शर्यतीतून बाहेर. हरला शिव्या घालणाऱ्यांपैकी किती जणांनी नंतर कॅमेऱ्यापुढे सांगितलं की आमचं चुकलं? माझ्या पाहण्यात तरी नाही.

सातारचा_ट्रम्पभक्त:
ताई, चावीचं उदाहरण मानलं. पण बायडनची चावी पाच वर्षं खिशात होती आणि एकाला दाखवलीही होती, ते विसरू नका 🙂

माजी_उपसंपादक:
एडिसनकरांच्या दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावत नाहीये म्हणून लिहितो. मी इथे पुण्यात पेपरमध्ये डेस्कवर होतो, रात्रपाळी, त्यामुळे मथळा कसा बनतो ते माहितीये. विचारणारं कोणी आहे का? जवळजवळ नाही. पूर्वी अमेरिकेत फेअरनेस डॉक्ट्रिन नावाचा नियम होता, १९४९ पासून, वादाच्या विषयात दुसरी बाजू दाखवा असा, तो १९८७ मध्ये गेला. लोक म्हणतात तो असता तर फॉक्स झालंच नसतं, पण ते अर्धवट आहे, तो नियम हवेतून प्रसारण करणाऱ्या स्टेशनांना होता, केबलला नव्हताच. फॉक्स न्यूज आणि एमएसएनबीसी दोन्ही १९९६ ची, दोन्ही केबलची.

मग दणका कोणाला बसतो? ज्याने नाव घेऊन कोणाचं तरी नुकसान केलं त्याला. २०२० च्या निवडणुकीत यंत्रांतून मतं फिरवली असं फॉक्सवर चालवलं म्हणून डोमिनियन या मतदान यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने फॉक्सवर केस टाकली, एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर दिले, आणि तेही का, तर अँकर लोक आपापसात मेसेज करत होते की हे सगळं बकवास आहे आणि पडद्यावर तेच चालवत होते, ते मेसेज कोर्टात आले. म्हणजे कंपनी होती, तिचं नुकसान होतं, वकील होते. आता कागदांच्या बातमीत बघा. चॅनलने मार-अ-लागोचं (ट्रम्पच्या फ्लोरिडातल्या घराचं) तिखट वाढवलं किंवा गॅरेजचं मीठ कमी केलं तर नुकसान कोणाचं? तुमच्या मेहुण्याचं. तो केस कशी टाकणार? डोक्यात भलतंच भरलं म्हणून नुकसानभरपाई मिळत नाही. मला वाटतं सगळा घोटाळा इथेच आहे, खोटं बोललं तर पकडता येतं, पण खरंच सांगितलं आणि कोणतं खरं किती वेळ सांगायचं ते आपल्या सोयीने ठरवलं तर त्याला तिथे कुठलं कलम नाही.

आणि हे फक्त फॉक्सचं नाही बरं का. २८ ऑक्टोबर २०१६ ला एफबीआयचा प्रमुख कोमीने तिथल्या संसदेला (काँग्रेसला) पत्र लिहिलं की हिलरीच्या मेलसारखं काहीतरी एका लॅपटॉपवर मिळालंय, मतदानाला अकरा दिवस बाकी. न्यूयॉर्क टाइम्सने दुसऱ्या दिवशी पहिल्या पानाचा वरचा अर्धा भाग त्यालाच दिला. ६ नोव्हेंबरला कोमी म्हणाला नवीन काही नाही. पुढे कोलंबिया जर्नालिझम रिव्ह्यूमध्ये एक मोजणी आली, टाइम्सने सहा दिवसांत मेलवर पहिल्या पानावर जितक्या बातम्या दिल्या तितक्या निवडणुकीआधीच्या ६९ दिवसांत सगळ्या धोरणांवर मिळून दिल्या होत्या. हे लिबरल म्हणवणाऱ्या पेपरचं. मी डेस्कवर असतो तर मीही तेच केलं असतं, मथळा तसा रसरशीत होता. नंतरचा खुलासा आतल्या पानावर एक कॉलम, ही रीत तर आमच्याकडेही तीच.

माझी एक सवय सांगतो, चॅनल कुठलं ते सोडा, माणूस धरा. पीट हेगसेथ २०१६ मध्ये फॉक्सवर बसून हिलरीच्या मेलवरून कारवाई मागत होते. २०२५ च्या मार्चमध्ये तेच संरक्षणमंत्री, आणि येमेनवर विमानं कधी निघणार त्याच्या वेळा त्यांनी सिग्नल या मेसेजिंग ॲपवरच्या ग्रुपमध्ये टाकल्या, ज्यात चुकून द अटलांटिकचा संपादक जेफ्री गोल्डबर्ग बसला होता! सरकार म्हणालं त्यात गुप्त काहीच नव्हतं. मग २०१६ ची क्लिप आणि २०२५ ची क्लिप शेजारी लावा. तसंच बायडनचं सिक्स्टी मिनिट्स आणि गॅरेजचं उत्तर शेजारी लावा.

काडीपेटी:
सिग्नलवाल्यांना हसू नका, मी बायकोच्या वाढदिवसाच्या सरप्राईज पार्टीचा ग्रुप काढला होता, "एस" अक्षराने सेव्ह केलेली बहीण घ्यायची होती, घेतली बायकोच. तिनेच लिहिलं, केक चॉकलेटचा नको. गोल्डबर्ग निदान गपचूप बसला होता.

निवृत्त_फाईलवाला:
😂 आमच्या वेळी हे शक्यच नव्हतं, लाख वितळायलाच दहा मिनिटं लागायची, तेवढ्यात माणूस दोनदा विचार करायचा. उपसंपादक, ते राफेलचं पण लिहा की. मार्च २०१९ ला सरकारने सुप्रीम कोर्टात सांगितलं कागद चोरीला गेले, द हिंदूने छापले म्हणून गोपनीयता कायदा लावू, दोन दिवसांनी म्हणे चोरी नाही, झेरॉक्स. तेव्हा आपल्या चॅनलवर चर्चा काय, तर छापणारा देशद्रोही का नाही. कागदात काय लिहिलंय त्यावर किती चर्चा झाली?

माजी_उपसंपादक:
काका, त्याचा वेगळा धागा काढा, इथे काढलात तर आपल्या दोघांचं पण जेवण थिजेल. एवढंच सांगतो की कोर्टाने त्या एप्रिलमध्ये सरकारचा आक्षेप फेटाळला, कागद विचारात घेऊ म्हणाले.

एडिसनकर:
सगळ्यांचे आभार, एवढं वाचायला मिळेल वाटलं नव्हतं. पोटोमॅकताई, चावीचं उदाहरण मी बायकोला सांगितलं, तिला फार आवडलं, हरच्या रिपोर्टचं सांगितलं ते फारसं आवडलं नाही. काल रविवारी उपसंपादकांनी सांगितलं तसं केलं, मेहुण्याला व्हिडिओ कॉल लावला आणि स्क्रीन शेअर करून आधी हेगसेथच्या दोन्ही क्लिपा, मग बायडनच्या दोन्ही. मेहुणा बराच वेळ गप्प, मग म्हणाला ही २०१६ ची आहे ना, एडिट केलेली असणार. बायको म्हणाली बायडनची पण कापूनच लावलेली असणार. सहा वर्षांत दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं, मी लॅपटॉप बंद केला.