'पिंकर्टन' पहिल्या फटक्यात आवडत नाहीच

'पिंकर्टन' हा वीझर या अमेरिकन रॉक बँडचा दुसरा अल्बम. तो पहिल्याच्या पासंगालाही पुरत नाही, नुसता गोंगाट आहे, असं एक मत ऐकलं. गोंगाट आहे, कबूल. पण तो मुद्दाम केलेला आहे. 1994 च्या पहिल्या, निळ्या मुखपृष्ठाच्या अल्बमचा निर्माता रिक ओकासेक होता. त्यात प्रत्येक गिटार घासूनपुसून लख्ख. 1996 मध्ये बँडने निर्मिती स्वतःकडे घेतली आणि स्टेजवर वाजतं तसंच रेकॉर्ड करायचं ठरवलं. म्हणून ड्रम अंगावर येतात, आवाज मध्येच फाटतो आणि मॅट शार्पचा बास खालून गुरगुरत राहतो.

बँडचा गायक आणि गीतकार रिव्हर्स क्वोमो त्या काळात हार्वर्डमध्ये शिकत होता, पायाची शस्त्रक्रिया झालेली. तो एकटेपणा गाण्यांत जसाच्या तसा उतरलाय, कधीकधी ऐकणाऱ्याला अवघडून जावं इतका. अल्बमचं नाव घेतलंय पुच्चिनीच्या 'मादामा बटरफ्लाय' या ऑपेरामधल्या नौदल अधिकाऱ्याचं. तो काही भला माणूस नव्हे! जपानी चाहतीच्या पत्रावरचं गाणं मला आजही पूर्ण पटत नाही, पण चाल अशी की सुटका नाही.

तेव्हा बऱ्याच समीक्षकांनी नाकं मुरडली होती. पुढे 'रोलिंग स्टोन' मासिकानेच 2004 मध्ये त्याला पाच तारे दिले. माझंही मत असंच उलटलं, चौथ्या-पाचव्या वेळी.

एकदा सलग ऐका, 35 मिनिटांत संपतो. फक्त शेवटचं अकूस्टिक गाणं आधी ऐकू नका. त्याची मजा आधीच्या धडाधडीनंतरच.